शून्य वेगळं, रिकामं वेगळं

फोन केला की ते आधी जाहीर करत, "मी बोलतोय. बातमी साधी आहे. कोणी गेलेलं नाही." मग मुद्दा. मुद्दा बहुतेक वेळा एवढाच असे की ऑफिसची बस आज उशिरा निघणार आहे, किंवा माझी छत्री त्यांच्या टेबलापाशी राहिली आहे. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. पुढे सवय झाली. आता तो आवाज येणार नाही, पण सवय गेलेली नाही. फोन वाजला की मी क्षणभर थांबते, समोरच्यानं आधी काय ते जाहीर करावं म्हणून. समोरचे सरळ बोलायला लागतात.

ऑफिसात सगळे त्यांना 'सार' म्हणत. चेन्नईत सरांचा सार होतो आणि प्रत्येक जण कोणाचा तरी सार असतोच. पण आमच्या मजल्यावर नुसतं 'सार' म्हटलं की खिडकीशेजारच्या एकाच खुर्चीकडे माना वळत. उंच, किंचित पुढे झुकलेले, कपाळावर गंधाची बारीक रेघ. शोळिंगनल्लूरच्या त्या काचेच्या इमारतीत बाकीचे सगळे पंचविशी-तिशीतले होते. सार निवृत्तीचं वय ओलांडूनही टिकले होते, कारण आमचं जुनं सॉफ्टवेअर नीट वाचू शकणारे तेवढेच एक उरले होते. हे सॉफ्टवेअर रुग्णालयांसाठी होतं. रोग्याचं वय, वजन आणि औषध आत घातलं की ते मात्रा काढून देई, आणि ती मात्रा वॉर्डातल्या पडद्यावर नर्सला दिसे.

सार कोणाच्याही टेबलाशी आले की आडोशाच्या फळीवर टकटक करत आणि म्हणत, "आत येतोय. विषय एक. राग नाही." राग असला तर तेही सांगत. "आत येतोय. विषय तुमची कालची फाइल. राग आहे, थोडा." नवीन मुलं हसत. जेवायला बसल्यावर डबा उघडण्याआधी ते त्यातला ऐवज सांगत: "दहीभात. आवक्काय लोणचं. लोणचं द्यायचं नाही." एकदा कोणीतरी मुद्दाम विचारलं, "सार, न सांगता डबा उघडला तर काय होईल?" सार गंभीरपणे म्हणाले, "काही होणार नाही. तेच तर वाईट. काही झालं असतं तर तुम्ही शिकला असतात."

ते तंजावरकडचे मराठी. मी लातूरची. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लिफ्टमध्ये आईशी फोनवर बोलत होते, तेव्हा मागून आवाज आला, "तुम्ही मराठी कां?" मी वळून पाहिलं. ते म्हणाले, "मी देखील. परंतु तुमची फार वेगानं धावते." त्यांची मराठी कुठल्याशा जुन्या कागदातून उठून आल्यासारखी होती. 'बसा'ला ते 'बैसा' म्हणत, 'मला'ला 'मजला', आणि मधूनच तमिळ 'सरि', म्हणजे 'बरं', किंवा 'अय्यो' येऊन जाई. सूर तर सगळा तमिळच. इथं मी त्यांचं बोलणं माझ्या मराठीत लिहिते आहे. थोडं त्यांचं तसंच राहू देते. मला ते 'बाई' म्हणत. त्यांच्या लोकांत बायकांच्या नावापुढे बाई लावायची रीत आहे. पण नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली मी त्या हाकेनं एकदम शाळामास्तरीण झाल्यासारखी ताठ बसायची.

त्यांनी पहिली नोकरी एन्नोरच्या बाजूला एका कारखान्यात केली होती. तिथं हिशेबाची यंत्रभाषा अशी होती की नाव जाहीर केलं नाही तर नावाच्या पहिल्या अक्षरावरून ती ठरवून टाकी, हा आकडा पूर्णांक की अपूर्णांक. अमुक अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावांचे दशांश बिनबोभाट कापले जात. त्या भाषेवरचा त्यांचा राग म्हातारपणापर्यंत ताजा होता. "नावाच्या पहिल्या अक्षरावरून नशीब! जोशीबुवाचं काम हे. यंत्रानं कशाला करावं?"

प्रोग्राम न लिहिणाऱ्या वाचकाला हे सगळं काय आहे ते सांगायला हवं, आणि सार सांगत त्याहून सोपं मला सांगता येणार नाही. प्रोग्राममध्ये प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावं लागतं. वजनाचं एक नाव, वयाचं एक. काही भाषा शिस्तीच्या असतात. नाव वापरण्याआधी ते वर जाहीर करा, म्हणतात. जाहीर न केलेलं नाव दिसलं की काम थांबवतात. काही भाषा मवाळ असतात. अनोळखी नाव दिसलं की त्या विचारत नाहीत, गुपचूप त्या नावाची नवी जागा करतात आणि ती रिकामी ठेवतात.

"लग्नाच्या कल्याण मंडपात पंगत बसली आहे," सार म्हणत. "कोणी एक इसम येऊन बसला. कोण, कोणाचा, विचारायचं नाही. यजमान फार सज्जन. लगेच केळीचं पान मांडलं, पाणी शिंपडलं. आणि ज्याला बोलावलं तो दारात उपाशी उभा. ही भाषा म्हणजे तो यजमान. बाई, असल्या सज्जनांना फार भ्यावं."

आमचं जुनं सॉफ्टवेअर अशाच सज्जन भाषेत लिहिलेलं होतं. तिच्यात एक सोय होती. फाइलीच्या अगदी वर एक ओळ लिहिली की त्या फाइलीपुरती ती शिस्तीत वागे, आणि जाहीर न केलेलं प्रत्येक नाव दाखवून देई. ती ओळ आमच्या फाइलींना नव्हती. ती घातली तर एकेका फाइलीतून चुकांची अशी रांग निघे की मॅनेजरचा चेहरा उतरत असे. म्हणून कोणी घालत नव्हतं. सार नव्या मुलांना घालायला लावत, मुलं सारांसमोर घालत आणि काम अडलं की काढून टाकत.

त्यांची एक रीत मात्र सगळ्यांना पाळावी लागे. नवी फाइल लिहिण्याआधी लिहिणाऱ्यानं त्यांच्यासमोर बसून प्रत्येक नाव मोठ्यानं सांगायचं: नाव काय, आत काय राहणार, आणि सुरुवातीला आत काय आहे. तिसऱ्या प्रश्नाला सगळे अडखळत. "सुरुवातीला काही नाही, सार."

"काही नाही म्हणजे शून्य की रिकामं?"

"एकच ना, सार?"

मग ते खुर्ची पुढे ओढत. "एक नाही. शून्य म्हणजे उत्तर आहे. कोणी तरी पाहिलं, मोजलं, आणि सांगितलं, शून्य. रिकामं म्हणजे कोणी विचारलंच नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की एका मुलानं ते छापून कॉफीच्या यंत्रावर चिकटवलं, खाली लिहिलं: 'कप शून्य, यंत्र रिकामं'. सारांनी ते वाचलं, बारकाईनं वाचलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे." थट्टा त्यांना कळली की नाही, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

आणि मग ती सकाळ. परगावच्या एका रुग्णालयातून नर्सचा फोन आला. नवजात बाळांच्या विभागातली होती. फोन मीच घेतला आणि तिचं तमिळ मला झेपेना म्हणून स्पीकरवर टाकला. ती तक्रार करत नव्हती, नुसतं विचारत होती. एका बाळाच्या औषधाची मात्रा पडद्यावर शून्य दिसते आहे. डॉक्टरांनी औषध बंद केलं असावं असं समजून तिच्या आधीच्या पाळीच्या नर्सनं ते दिलं नाही. हिला चैन पडेना म्हणून तिनं डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी बंद केलेलं नाही. मग शून्य कुठून आलं?

सार तोपर्यंत टकटक न करताच माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "बाळाचं नाव काय?"

"नाव नाही, सार," नर्स म्हणाली. "नाव कुठलं एवढ्यात? आईच्या नावापुढे 'बेबी' लावून लिहितो आम्ही."

सार फोनकडे वाकले. मग म्हणाले, "आता औषध दिलं?"

"दिलं, सार. बाळ बरं आहे. दूध ओढतंय."

फोन ठेवल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि नवजातांची फाइल उघडली. फार शोधावं लागलं नाही. वजन ग्रॅममध्ये भरलं तर एका वेगळ्या वाटेनं हिशेब होई, आणि त्या वाटेवर वजनाच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं. सज्जन यजमानानं त्या अर्ध्या नावाला पान मांडलं होतं. रिकाम्या जागेचा गुणाकार झाला, आणि पडद्यावर आलं शून्य. खरं वजन दारात उभं राहिलं. ती फाइल लिहिणारा माणूस कधीचाच नोकरी सोडून गेला होता. सारांनी त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मॅनेजर वयानं त्यांच्या मुलासारखा, आणि वाईट नव्हता. तो म्हणाला, "सार, ही एक चूक दुरुस्त करू. आजच पाठवू. पण सगळ्या फाइलींना ती ओळ? पुढची आवृत्ती तोंडावर आहे. हे इतकी वर्षं चाललंय ना?"

"चाललंय, असं आपल्याला कोणी सांगितलं?"

"कोणाची तक्रार नाही, सार."

"तक्रार शून्य आहे," सार म्हणाले, "की रिकामी?"

मॅनेजरनं हात जोडले. "सार, प्लीज."

"सरि. मग मी जाहीर करतो. उद्यापासून रोज एक फाइल. माझं काम संपवून. परवानगी मागत नाही, फक्त सांगतोय. राग नाही."

आणि ते तसं करू लागले. सकाळी सगळ्यांच्या आधी येत. वर ती ओळ घालत, खाली निघालेली रांग एकेक करून तपासत. कित्येकदा चूक नसेच, नुसतं कोणी जाहीर करायचं राहिलेलं असे. पण प्रत्येक नावापाशी ते थांबत, हे कोण, कोणाचं, कुठून आलं. एकेका फाइलीला दिवस पुरत नसे. मी शेजारी बसू लागले. का, ते मला सांगता येणार नाही. वाचनालयात कोणी तरी शांतपणे वाचत असलं की त्याच्याच टेबलाशी बसावंसं वाटतं, तसं काहीसं. खिडकीतून जवळच्या दलदलीचा खारट, कुजका वास येई, उन्हात दूरवर पाण्याचे तुकडे चमकत. सार पुटपुटत, "याला कोणी ओळखतं कां? नाही. अय्यो, बापडा."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती नवरात्रात. वेस्ट मांबलमला स्टेशनापासून चालत जाण्याजोगं, जुन्या इमारतीतलं दोन खोल्यांचं घर. पायऱ्यांवर बाहुल्यांचा गोलू मांडलेला. मामी, म्हणजे त्यांची बायको, लहानखुऱ्या, भराभर चालणाऱ्या, नऊवारी सोडून कधीच सहावारीत आलेल्या, पण बोलण्यात सारांहून जुन्या. त्यांनी मला हळदीकुंकू दिलं, सुंडल, म्हणजे परतलेले हरभरे, दिलं आणि सांगितलं, "यांच्या हाताखाली काम करतेस? देवानं तुजला पुष्कळ सोसायला दिलं आहे गे."

तेवढ्यात खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या एक बाई आल्या. तमिळमध्ये गप्पा सुरू झाल्या, कुठलं गाव, कुठलं गोत्र, आणि मग यायचा तो प्रश्न आला. "मुलं?"

"नाहीत," मामी म्हणाल्या.

"एक झाला होता," सार म्हणाले. ते दारापाशी खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. "मुलगा. नाव ठेवायच्या आधी गेला."

त्या बाईंच्या हातातलं सुंडल हातातच राहिलं. मामी उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. खरं तर त्या वेळी आत धुण्यासारखं काही नव्हतं.

पुढे माझं जाणंयेणं वाढलं तेव्हा मी पाहिलं की हे दर वेळी असंच होतं. लग्नात, देवळात, बँकेतल्या ओळखीच्या कारकुनासमोर. मामी 'नाहीत' म्हणत, सार 'एक झाला होता' म्हणत, आणि मामी तिथून निघून जात. भांडण नाही, आवाज नाही. जणू दोघांनी वाटून घेतलेलं काम. एकदा फक्त मामी जाता जाता म्हणाल्या, "पोदुम. पुरे झालं आतां. किती वर्षं?" सार म्हणाले, "मी फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं." त्या म्हणाल्या, "तुम्हांस कोणी विचारलं होतं? मजला विचारलं होतं."

मग एका दुपारी, सार खाली भाजी आणायला गेले असताना, मामींनी मला सांगितलं. काहीही विचारलं नव्हतं मी. त्या फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. मूल कुंभकोणमला, त्यांच्या सासरी झालं. बारसं व्हायच्या आत गेलं. त्यांच्याकडे रीत अशी की नाव ठेवलं नसलेल्या, दात न आलेल्या मुलाला अग्नी नाही, दिवस नाहीत, काही नाही. सासऱ्यांनी अंगणातूनच सांगितलं, आता याचा विषय नको. ज्याला नावच नाही त्याला हाक कशी मारणार, आणि ज्याला हाक मारता येत नाही त्याच्यासाठी रडणार कसं? पाळणा तिसऱ्याच कोणाच्या घरी गेला. सार तेव्हा तरुण होते. ते म्हणाले, नाव आता ठेवू. नेण्याच्या आधी ठेवू. वडील म्हणाले, वेड लागलं आहे काय.

"पुष्कळदां म्हणाले मग मजला," मामी म्हणाल्या. "इथं आल्यावर. आपण दोघं मिळून नाव ठेवू म्हणे. एकट्यानं ठेवलं तर खरं नव्हे म्हणे. मी नाही म्हटलं. नाव ठेवलं की तो होतो. मग जातो. मजला दोनदां नको होतं."

 मला वाटलं, आता सगळं कळलं. ती टकटक, तो जाहीर केलेला डबा, ती फाइलीवरची ओळ, नर्सला विचारलेला तो पहिला प्रश्न, सगळं त्या कुंभकोणमच्या अंगणातून आलेलं आहे. पुस्तकं वाचणाऱ्या माणसांना अशी किल्ली सापडली की फार बरं वाटतं. मी काहीसं तसं बोललेही. "म्हणून सार असे झाले असतील, मामी."

मामींनी आठळी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"असे काय झाले? असेच होते. मजला पाहायला आले तेव्हां सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, मी घोरतो, मजला कारलं चालत नाही, आणि डाव्या कानानं कमी ऐकू येतं. माझा बाप हसून हसून पडायचा राहिला. मूल तेव्हां कुठं होतं?" मग आठळी पुन्हा हातात घेऊन म्हणाल्या, "माणूस असाच असतो गे. दुःख मागाहून येतं. त्याला बसायला जागा तयार मिळते, इतकंच."

सार खालून आले. दाराबाहेरून म्हणाले, "मी आलोय. वांगी आहेत. मुरुंग्याच्या शेंगा मिळाल्या नाहीत."

स्वतःचा आजारही त्यांनी तसाच सांगितला. सकाळच्या उभ्या उभ्या होणाऱ्या बैठकीत प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, एवढं बोलायचं असे. त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "काल एक फाइल झाली. आज दुसरी. अडचण: स्वादुपिंडाचा कर्करोग. प्रकार वाईट. आज सकाळपुरता बरा आहे, दोन इडल्या खाल्ल्या."  एका मुलीनं सवयीनं "थँक यू सार" म्हटलं आणि मग तोंडावर हात धरला. मॅनेजर खिडकीकडे पाहत राहिला. सार म्हणाले, "पुढचं कोण? बोला." पुढचा मुलगा बोलला. काय बोलला ते कोणी ऐकलं नाही.

त्याच सुमारास कंपनीनं ठरवलं की जुनं सॉफ्टवेअर मोडीत काढायचं. नवं शिस्तीच्या भाषेत लिहिलेलं बाहेरून घ्यायचं. सारांनी इतके महिने ज्या फाइली एकेक करून पुसून लख्ख केल्या त्या सगळ्या आता टाकून द्यायच्या होत्या. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू सारांना सांगू नकोस. आजारी माणूस आहे."  पण सारांना न सांगता काही ठेवायचं, हे मला जमणारं नव्हतं.

रुग्णालयात ते फार लहान दिसत होते. पलंगाशेजारी पडदा होता, त्यावर आकडे. कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर. सार मान वळवून त्याकडे पाहत, अविश्वासानं, परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखे. मी दाराशी थांबून म्हटलं, "सार, मी आलेय. विषय एक. बातमी चांगली नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी समाधान म्हणेन. "बैसा," ते म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"नवं कधी येणार?"

"वर्ष तरी लागेल म्हणतात."

"तोवर जुनंच ना?"

"हो."

"मग तोवर जी बाळं जन्मतील ती जुन्यातच," सार म्हणाले. "त्यांना कोण सांगणार, थांबा म्हणून?" थोडा वेळ श्वास घेण्यात गेला. "किती फाइली उरल्या?"

"बऱ्याच आहेत, सार."

"सरि," ते म्हणाले, आणि त्यांनी मला त्या करा असं सांगितलं नाही. मामी पायथ्याशी बसून मोसंबी सोलत होत्या. सारांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग तमिळमध्ये, जणू मला कळू नये म्हणून, पण मला ते एव्हाना कळत होतं, म्हणाले, "माझ्यामागून कोणी विचारेल. तेव्हां तू तुझं उत्तर दे. मी नसेन मध्ये बोलायला."

मामी मोसंबीच्या फोडीवरचा पांढरा दोरा काढत राहिल्या.

फोन आला तो एका रविवारी दुपारी. मी कपडे वाळत घालत होते. मामींचा आवाज नेहमीसारखाच घाईचा होता.

"मी बोलते आहे," त्या म्हणाल्या. "बातमी साधी नाही."

मला पुढचं ऐकावं लागलं नाही. तरी त्यांनी ते पूर्ण सांगितलं, कोण, केव्हा, कसं.

उरलेल्या फाइली मी करते आहे. मॅनेजरला सांगून करते. तो हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. सकाळी लवकर येते, वर ती एक ओळ घालते, खाली रांग उभी राहते. कधी कधी नवजातांच्या विभागातल्या त्या नर्सचा काही कामानं फोन येतो. सार आहेत का, असं तिनं एकदा विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "आवाज फार हळू होता त्यांचा." यंत्रं बदलेपर्यंत मी हे संपवीन असं वाटतं. संपवलं तरी पुढे ते सगळं टाकूनच द्यायचं आहे, हेही मला ठाऊक आहे. खिडकीशेजारची खुर्ची कोणी उचलून नेलेली नाही. बसतही कोणी नाही.

तेराव्याला मी मांबलमला गेले. घरात माणसं होती, पण फार नाहीत. जेवणं होऊन पानं उचलली गेली होती. मामी भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, हात मांडीत, पहिल्यांदाच काही न करता. मी दाराबाहेर चप्पल काढली आणि आपोआप म्हटलं, "मी आलेय." मग पुढे काय म्हणायचं ते सुचेना. मामींनी मान वर केली. "ये गे. बैस."

सारांच्या नात्यातल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या, सेलमहून, दुरून. त्यांनी मामींना फार वर्षांनी पाहिलं होतं, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच. त्या शेजारी सरकून बसल्या, मामींचा हात हातात घेतला, आणि त्या वयाच्या बायका विचारतात तसं, सांत्वनाची सुरुवात म्हणून, विचारलं, "मुलंबाळं काय?"

मी दाराकडच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती, तिच्यावर घडी केलेला पेपर. मामींनीही तिकडेच पाहिलं. त्यांनी 'नाहीत'साठी ओठ उघडले, हे मी शपथेवर सांगेन. मग त्या थांबल्या.  आत स्वयंपाकघरात जाण्यासाठी त्या उठल्या नाहीत.

"एक झाला होता," मामी म्हणाल्या. "मुलगा."

"अय्यो," म्हातारी म्हणाली. "काय गे नाव?"

मामींनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"ठेवायचं आहे," त्या म्हणाल्या.